साठावा डबा

आमच्या ऑफिसात दर जानेवारीला एक फॉर्म भरावा लागतो. गेल्या वर्षी तुम्ही काय साध्य केलंत, कोणत्या अडचणी आल्या, त्यातून काय शिकलात आणि कोणतं काम अपुरं राहिलं, असे चार चौकोन असतात. मी ब्रिस्टलमध्ये विमानाच्या पंखांतून जाणाऱ्या इंधनाच्या नळ्यांवर काम करतो. या नळ्या गळत नाहीत हेच माझं साध्य, आणि गळल्या की तीच अडचण. त्यामुळे एकोणतीस वर्षं मी हा फॉर्म सँडविच खाताखाता उरकत आलो. यंदा मात्र माझ्या मॅनेजरनं, गॅरेथनं, तीनदा आठवण करूनही पहिला चौकोन कोराच होता. कारण गेल्या वर्षात मी मनापासून असं एकच काम केलं. बायकोचे स्टीलचे डबे लोकांना वाटले, आणि ते सगळेच्या सगळे परत आले.

थोडं मागून सांगायला हवं. दीड वर्षापूर्वीच्या ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याला गेलो होतो. तिथे वीणानं रविवार पेठेतल्या एका दुकानातून साठ डबे घेतले. मूठभर चिवडा मावेल असे, गोल, घट्ट झाकणाचे. पुढच्या संक्रांतीला इथल्या मंडळाच्या हळदीकुंकवात वाण द्यायला. साठ डब्यांपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण मग ती म्हणाली, "आता नाव घालून घेऊ."

दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा गृहस्थ हातात मशीन घेऊन बसला होता. 'सौ. वीणा सतीश बेहेरे, संक्रांत २०२५' एवढा मजकूर, गुणिले साठ. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला आवाज मी दोन तास ऐकला. मी म्हणालो, "अगं, वाण म्हणजे कायमचं द्यायचं असतं ना? मग त्यावर आपलं नाव कशाला? लोकांना वाटेल परत मागतेय."

"नाव असलं की डबा वाट चुकत नाही," वीणा म्हणाली.

"निदान सतीश तरी गाळ. अर्धा तास वाचेल."

"तुला कधीच गाळणार नाहीये मी. गप्प उभा राहा."

मी उभा राहिलो, पण गप्प राहिलो नाही. त्या दिवशी रिक्षात, घरी, आणि नंतर बॅगा भरतानासुद्धा मी त्या डब्यांवर बोलत होतो. एका मापाचे डबे एकात एक बसत नाहीत, हे मी इंजिनिअर असल्यामुळे तिला तीन वेळा समजावलं. तिनं प्रत्येक डब्यात माझे पायमोजे आणि मेतकुटाच्या पुड्या कोंबल्या आणि प्रश्न सोडवला. आज वाटतं, त्या दोन तासांत मी तिच्याशी दुसरं काहीही बोलू शकलो असतो.

नोव्हेंबरात वीणा गेली. सतरा दिवस हॉस्पिटलात होती. त्याबद्दल इथे एवढंच, कारण त्यापलीकडे मला विनोदी काय, कसलंच लिहिता येत नाही.

जानेवारी आला. कपाटातली खोकी उघडली तर प्रत्येक डब्यावर तिचं नाव आणि पुढे एक संक्रांत, जी तिनं बघितलीच नव्हती. मी ठरवलं की हे वाण लुटायचं. तिनं हौसेनं आणलंय, ते तिच्या नावानं लोकांच्या घरी गेलं पाहिजे. माझ्या दृष्टीनं हा विषय तिथे संपला होता. मंडळाच्या दृष्टीनं तो तिथे सुरू झाला.

आमच्या मंडळाची अध्यक्ष अर्चना. एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे चहाला जायचं तरी ती अजेंडा पाठवते. ती म्हणाली, "सतीशदादा, कल्पना छान आहे, पण मला दोनतीन जणांशी बोलायला लागेल." ती बारा जणांशी बोलली. एकीचं म्हणणं पडलं की घरात माणूस गेलंय, वर्षभर सण करायचा नसतो. दुसरी म्हणाली, सण कुठे करतायत, नुसतं देतायत. तिसरीनं विचारलं की हळदीकुंकू बायकांचं, मग देणार कोण? एका सद्गृहस्थांनी, ज्यांना कुणीच विचारलं नव्हतं, मला फोन करून सांगितलं की भारतात एखाद्या शाळेला देऊन टाका. म्हणजे साठ डबे पुन्हा विमानात! शेजारच्या ब्रायननंही कुंपणावरून सल्ला दिला की चॅरिटी शॉपला द्या. चॅरिटी शॉपवाल्या बाईंनी डबा उलटसुलट करून बघितला आणि नाव कोरलेली वस्तू खपत नाही असं हळहळून सांगितलं.

शेवटी प्रकरण लीलावतीकाकूंकडे गेलं. काकू चौऱ्याऐंशीच्या. साठ वर्षांपूर्वी इथे नर्स म्हणून आल्या, आणि धर्मशास्त्रापासून गुडघेदुखीपर्यंत मंडळाचं अंतिम न्यायालय त्याच. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, "अरे सतीश, वीणा अहेव गेली. नशीब काढलंन पोरीनं. तिचं वाण आहे, लुटू दे. पण तू आत येऊ नकोस."

कुणाचं नशीब, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी चहा प्यायलो.

कम्युनिटी हॉलच्या फॉर्मनं आणखी आठवडा खाल्ला. आदल्या वर्षी कुणीतरी तिथे रंग खेळून जमीन गुलाबी केली होती, तेव्हापासून हॉलमध्ये 'कोणतीही रंगीत पावडर' बंद. हळदीकुंकवात हळदही आली आणि कुंकूही आलं. अर्चनानं फॉर्मवर 'सौंदर्यप्रसाधन, एकूण चार चमचे, कपाळाखेरीज कुठेही वापरले जाणार नाही' असं लिहून दिलं आणि परवानगी आणली. माझ्या व्यवसायात मी अनेक तांत्रिक दस्तऐवज वाचले आहेत, पण इतकं चोख काही वाचलेलं नाही.

त्या दिवशी मी खोकी दाराशी पोचवली आणि कार पार्कमध्ये गाडीत जाऊन बसलो. आत तिच्या नावाचं वाण लुटलं जात होतं आणि मी बाहेर काच पुसत होतो. इतका अपमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता. त्यात भर म्हणजे गाडीचा नंबर आतल्या टॅबलेटवर टाकला नाही तर दंडाची चिठ्ठी येते, आणि आत तर मला बंदी. मी हताश होऊन दाराशी घुटमळत असताना एक मुलगी बाहेर आली. "काका, मी मालविका. सप्टेंबरमध्येच नागपूरहून आलेय. नंबर सांगा, मी टाकते." तिनं नंबर टाकला, मला कागदाच्या प्लेटमध्ये तिळाची वडी आणून दिली आणि म्हणाली, "आत मीटिंग चाललीये, थोडा वेळ लागेल हं." हळदीकुंकवात मीटिंग कसली, हे मी विचारलं नाही. अर्चना असल्यावर कुठेही मीटिंग होऊ शकते.

तासाभरानं खोकी रिकामी होऊन आली. एकोणसाठ डबे गेले. साठाव्याबद्दल मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. घरी येऊन मी वीणाच्या फोटोला म्हणालो, "झालं तुझं काम." आणि नोव्हेंबरपासून पहिल्यांदा नीट जेवलो.

पुढच्याच शनिवारी मालविका दारात उभी. हातात डबा. "काका, तुमचा डबा राहिला होता आमच्याकडे."

"अगं, राहिला नव्हता. दिला होता."

"हो, पण नाव आहे ना काकूंचं त्यावर." असं म्हणून ती आत आली, चहा प्यायली, तिच्या ऑफिसातल्या एका माणसाची नक्कल करून दाखवली आणि गेली. डब्यात गाजराचा हलवा होता. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मला माहीत होतं. पण वाण परत करतात हे मी पहिल्यांदाच बघत होतो. नवीन मुलगी आहे, रीत ठाऊक नसेल, असं म्हणून मी हलवा खाल्ला.

त्यापुढच्या शनिवारी वैभवी आली. तिच्या डब्यात मटकीची उसळ. त्यापुढच्या आठवड्यात शिल्पा, साखरभात. मग एका आठवड्यात दोघी, कोथिंबीर वडी आणि डाळवांगं. प्रत्येकीचं तेच वाक्य, "तुमचा डबा राहिला होता." मार्चअखेर कपाटात बारा डबे जमले. कपाट उघडलं की बारा वेळा तिचं नाव समोर यायचं, आणि मी कप न घेताच दार लावून टाकायचो.

आणि मला हळूहळू राग येऊ लागला. वाण दिलं की ते घेणाऱ्याचं होतं. परत आलं, म्हणजे दिलंच गेलं नाही. वीणाचं शेवटचं काम एकेक डब्यानं रद्द होत होतं. आणि का, तर माझ्या मते उघड होतं. विधुराच्या हातचं वाण घरात ठेवायचं नाही, पण तोंडावर सांगायचंही नाही, म्हणून उसळ घालून परत करायचं.

मीही इरेला पेटलो. डबे पुन्हा लोकांना द्यायचे. पण माझ्यानंही रिकामे देववेनात. वीणाची पाककृतींची वही काढली. तिच्यात सगळीकडे 'अंदाजानं' असं लिहिलंय. इंधनाच्या नळीत मिलिमीटरचा दहावा भाग मोजणाऱ्या माणसाला अंदाजानं मीठ घालायला सांगणं हा क्रूरपणा आहे. पहिल्या चिवड्यानं घरातला धुराचा अलार्म वाजवला आणि ब्रायन शिडी घेऊन धावत आला. तिसरा चिवडा जमला. सहा डबे भरून गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात वाटले. महिन्याभरात सहाही परत. एकात पुरणपोळी, एकात मासे!

मग मी मंडळाबाहेर प्रयत्न केले. ब्रायनला डब्यातून शंकरपाळे दिले. त्यानं डब्यात न मावणाऱ्या तीन किलो घेवड्याच्या शेंगा दिल्या आणि वर डबाही दिला. ऑफिसात गॅरेथला चिवडा दिला. तो सीव्हर्न नदीपलीकडचा, वेल्समधला. सोमवारी त्यानं डब्यातून त्याच्या आईच्या हातचे वेल्श केक आणले आणि म्हणाला, "मी असं ऐकलं की हा रिकामा परत करायचा नसतो." हे त्याला कुणी सांगितलं होतं? मीच. चिवडा देताना. मला माझाच राग आला.

मे महिन्यात ग्लासगोहून अनिश आला. अनिश माझा मुलगा, तिथे डॉक्टर आहे. त्यानं फ्रीज उघडला, मग फ्रीझर, मग मी गराजमध्ये घेतलेला दुसरा फ्रीझर. "बाबा, हे काय आहे? एवढा भाजी कोण खाणार?"

"येतं ते ठेवतो."

"आणि कपाटातला डबे? आईचा नाव बघून तुम्हाला त्रास होतो, आय कॅन सी इट. टिपला घेऊन जाऊ या का?"

त्याचं मराठी असंच आहे, पण बघायचं ते तो बरोबर बघतो. मी हो म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. टिप म्हणजे कौन्सिलचा कचरा डेपो, तिथे जायला आता ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. आम्ही घेतली. तिथे पिवळ्या जाकिटातल्या माणसानं गाडीत डोकावून एकसारखे बत्तीस डबे बघितले आणि विचारलं, "धंदा काय तुमचा? दुकानाचा माल इथे चालत नाही."

"धंदा नाही. घरचे आहेत."

"एकाच घरचे? आणि हे काय कोरलंय सगळ्यांवर?"

"माझ्या बायकोचं नाव," मी म्हणालो. "ती गेली."

त्यानं हातातला डबा परत खोक्यात ठेवला. झाकण तिरकं बसलं होतं, ते दाबून नीट केलं. मग गाडीचं मागचं दार स्वतःच लावलं आणि म्हणाला, "घरी घेऊन जा, दोस्त. वेळ पुन्हा केव्हाही मिळेल." अनिशनं गाडी घरी आणली आणि डबे त्यानंच पुन्हा कपाटात लावले.

असं करत करत डिसेंबर आला. नोव्हेंबरात वर्षश्राद्ध झालं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी शेवटचा डबा घेऊन खुद्द लीलावतीकाकू आल्या, अर्चनाच्या गाडीतून. डब्यात दुधी हलवा. "अरे सतीश, तुझा डबा राहिला होता."

एकोणसाठावा. माझा तोल गेला. मोठ्या माणसाशी बोलू नये असं बोललो. "काकू, वर्षभर सगळ्यांनी मिळून माझ्या बायकोचं वाण मला परत केलंत. एकीलाही, एकीलासुद्धा ते ठेवून घ्यावंसं वाटलं नाही? एवढं वाईट असतं का माझ्या हातचं?"

काकूंनी अर्चनाकडे बघितलं. अर्चनानं हातातला फोन उघडला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक तक्ता होता. एकोणसाठ ओळी. नाव, तारीख, पदार्थ. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'सतीशदादा, डबा रोटा', म्हणजे कुणी कधी यायचं त्याच्या पाळ्या. पहिली ओळ मालविकाची. तक्ता केल्याची तारीख गेल्या हळदीकुंकवाची होती. मी कार पार्कमध्ये काच पुसत होतो तेव्हाची ती मीटिंग.

"अरे," काकू म्हणाल्या, "एकट्या पुरुषाच्या घरी बायकांनी वरचेवर यायचं कसं? काय कारण सांगायचं? आणि तू तर असा, की कसा आहेस विचारलं तर ठीक म्हणून फोन ठेवतोस. डब्यावर नाव होतं म्हणून बरं झालं. परत करायला तर यायलाच लागतं."

"मध्येच तुम्ही ते भरून परत वाटायला लागलात," अर्चना म्हणाली. "माझा सगळा प्लॅन कोसळला. तीन वेळा तक्ता नवा केला मी. तो मासेवाला डबा तर रोट्यात नव्हताच."

मी हसलो असं अर्चना सांगते. मला आठवतंय ते एवढंच, की मी त्या खुर्चीत बसून त्या दोघींच्या देखत रडलो, वर्षभरात पहिल्यांदा. काकूंनी पाठीवर हात ठेवला नाही. उठून आत गेल्या, आणि मला वीणाच्या स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला.

परवाच्या बुधवारी यंदाची संक्रांत झाली, शनिवारी हळदीकुंकू. मी वीणाच्या वहीतून तिळगूळ केला, अंदाजानं. एकोणसाठ डबे भरले. या वेळी मला कार पार्कमधून आत बोलावलं, आणि कुणीही डबा घेताना 'परत करू' म्हणालं नाही. मालविकानं तिचा डबा छातीशी धरून सांगितलं, "काका, हा आता माझा. भेटायला तशीच येईन." घरी निघताना लीलावतीकाकूंनी हाक मारली.

"सतीश, वीणा मला साठ म्हणाली होती. एक कुठाय?"

"तो परत आलाय, काकू," मी म्हणालो. "सगळ्यात आधी."

पुढचं त्यांना सांगता आलं नाही, ते इथे सांगतो. हॉस्पिटलात सोळाव्या दिवशी वीणाला मऊ भात हवासा झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा भात केला, खालून लागला. हाताशी आला तो डबा घेतला, त्या साठांतलाच एक. तिनं दोन चमचे खाल्ले. "मीठ घातलंस का रे?" म्हणाली. नव्हतं घातलं. तरी तिनं आणखी एक चमचा खाल्ला. उरलेला मी संपवला, सिंकवर डबा धुतला आणि निघायला लागलो. तर ती म्हणाली, "थांब. असा नेऊ नकोस." तिला उशीवरून नीट उठताही येत नव्हतं. तिनं इकडेतिकडे हात फिरवला, चहाबरोबर आलेली दोन बिस्किटांची पुडी ट्रेवर पडली होती, ती डब्यात टाकली, आणि डबा झाकण लावायला माझ्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डबा माझ्या कपाटात सगळ्यात मागे आहे. पुडी अजून फोडलेली नाही.

काल गॅरेथनं चौथ्यांदा विचारलं, तेव्हा मी फॉर्म भरायला बसलो. साध्य काय, तर चिवडा. अडचणी लिहायला चौकोन पुरला नाही. काय शिकलो, तिथे लिहिलं की मीठ अंदाजानं घालता येतं. कोणतं काम अपुरं राहिलं या चौकोनात जे खरं होतं ते लिहिलं. एक डबा भरून परत करायचा राहिला आहे.